हळू चालणारी गाडी

कुठलीही गाडी हातात आली की तो आधी ती पालथी करायचा. कपाटातली एखादी खेळण्यातली जीप उचलायची, उलटी धरायची, अंगठ्यानं चाकं फिरवायची आणि म्हणायचं, "वरून समद्याच चांगल्या दिसतेत, ताई. खालून बघावं."

खऱ्या ट्रॅक्टरचंही तेच. बोरीत रस्त्याला लागून आमचं बांगड्या आणि खेळण्यांचं दुकान. समोर ट्रॅक्टर उभा केला की तो लगेच आत येत नसे. कमरेत वाकून ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारायची, काही गळतंय का बघायचं, आणि मग पायरीवर चपला काढून आत. चपला काढणारं गिऱ्हाईक माझ्याकडं दुसरं नव्हतं. "राहू द्या हो," म्हटलं तर म्हणायचा, "लेकरांच्या वस्तू हायेत इथं. धूळ कशाला?"

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. दिवाळी झाली की आमच्याकडची निम्मी घरं कुलपं लावून ऊसतोडीला जातात. तोडणारे कोयते घेऊन जातात, वाहणारे ट्रॅक्टर घेऊन. हा वाहणाऱ्यांतला. दोन ट्रॉल्यांभर ऊस ओढत कारखान्याच्या वाटेवर हिवाळा काढायचा आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला गावी यायचं. आधी बायकोही त्याच्याबरोबर जायची. मुलगी झाली तशी ती सासूपाशी घरी राहिली आणि हा एकटाच जाऊ लागला. हंगाम संपला तरी पाय घरात चार दिवस ठरत नसे. कधी मळणीयंत्र घेऊन दुसऱ्या मुलखात, कधी मुरूम वाहायला कुठंतरी. मुलगी बसायला लागली, चालायला लागली, बोलायला लागली, ते सगळं त्यानं फोनवरच पाहिलं.

ती तीन वर्षांची झाली त्या साली पाडव्याला तो आला तो सरळ दुकानातच. अंगावर प्रवासाची धूळ, आणि चेहरा असा की कुणी विचारण्याआधीच हसत होता.

"ताई, रिमोटची गाडी पाहिजे. सगळ्यात मोठी."

त्यानं स्वतःच निवडली. लालभडक, पुढं दिवे, टपावर भोंगा, बटण दाबलं की सुसाट सुटणारी. मी म्हटलं, "ही मोठ्या मुलांची आहे. एवढ्या लहान लेकराला साधी न्या."

"ताई, तिचा बाप डायव्हर हाय," असं म्हणून तो गाडी घेऊन गेला. त्या दिवशी गाडी पालथी करायचीही त्याला शुद्ध राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडून काढत होते, तेवढ्यात तो खोकं घेऊन दारात उभा. आत येईना. मी पाणी दिलं, ते प्याला, आणि खोकं काउंटरवर ठेवलं.

"काय झालं?"

"भ्याली." तो सांगू लागला. "घरात पाय ठेवला तशी बायको म्हणली, 'बघ कोण आलं, पप्पा आले.' तर पोरगी पळत आत गेली आन् मोबाइल उचलून त्यात बघायली. पप्पा म्हंजे तिला मोबाइलच ठाऊक. मी तिच्यासमोर उभा हाय आन् ती मला मोबाइलमध्ये हुडकायली."

मी केरसुणी कोपऱ्यात ठेवली.

"मग मी ही सोडली. म्हणलं, खूश होईल. भोंगा वाजला तशी मायच्या कमरेला जी चिकटली, ती सोडीच ना. आता मी उंबऱ्यात जरी आलो तरी रडायली." मग खोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "गाडीचं काही चुकलं न्हाई. माझ्याकडून आली म्हणून भ्याली."

आम्ही दुसरी गाडी शोधायला बसलो. मी एकेक काढून खाली ठेवली. त्यानं नेहमीसारख्या सगळ्या पालथ्या करून बघितल्या, पण समाधान होईना. मग त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला, दुकानाच्या फरशीवर अंथरला आणि चक्क आडवा झाला. गाल फरशीला टेकवून मला म्हणाला, "सोडा."

"काय सोडू?"

"गाडी. माझ्या अंगावर सोडा. तिला तिथून कशी दिसती ते बघतो."

मी रिमोट हातात घेऊन एकेक गाडी त्याच्या तोंडावर सोडू लागले. तो पडल्या पडल्या निकाल देत होता. "ही दात काढून येती. नको." "हिचे लाइट डोळ्यात जायलेत." "हिला लय घाई हाय." बांगड्या भरायला आलेल्या दोन बायका दारातच थबकल्या. त्यांतली एक पदराआड हसत म्हणाली, "काय हो भाऊ, दुकानातच झोपले का?"

"झोपलो न्हाई, बाई," तो तसाच पडून म्हणाला. "तीन वर्षांचा झालो."

शेवटी माळ्यावरून एक पिवळी गाडी काढली. कुणी घेत नव्हतं म्हणून मागं पडली होती. भोपळ्यासारखी गोल, कुठं कोपरा नाही, भोंगा नाही, जाड रबराची चाकं. रिमोटला दोनच बटणं: एकानं सरळ पुढं, दुसऱ्यानं मागं वळत यायची. चालायची तर इतकी हळू की मुंगीनं वाट सोडावी. मी सेलचं झाकण स्क्रूनं पक्कं बसतंय ना ते बघितलं. लहान मुलं सेल काढून तोंडात घालतात, तेव्हा रिमोटच्या गाडीत आधी तेवढं बघावं. त्यानं खिशातला पान्ना-पेचकस काढून तो स्क्रू पुन्हा आवळला आणि परत आडवा झाला.

गाडी गेली आणि त्याच्या नाकापाशी थांबली. तो बराच वेळ उठला नाही.

"ही द्या," तो म्हणाला. "ही विचारून येती."

त्यानंतर बाजारला आला की तो मला घरची खबर द्यायचा. तो सांगायचा आणि मी बांगड्यांचे डझन बांधता बांधता ऐकायचे. तो दावणीपाशी बसायचा आणि मुलगी पार पलीकडं, ओट्यावर आईच्या मांडीत. गाडी अंगणाच्या मध्यापर्यंत न्यायची आणि थांबवायची. पुढं नाही. पहिल्या दिवशी ती नुसती बघत राहिली. दुसऱ्या दिवशी त्यानं गाडीच्या टपावर गुळाचा खडा ठेवून पाठवला. त्याची माय म्हणाली, "मुंग्या लागतेत रे." मुंग्या लागायच्या आत पोरीनं गूळ उचलला. गाडी रिकामी परत आली.

आणि मग एका संध्याकाळी रिकामी आली नाही. टपावर एक चिंचोका होता.

"लेकीनं भाडं दिलं, ताई," तो म्हणाला. हसता हसता तो ट्रॅक्टरकडं बघायला बाहेर गेला. ट्रॅक्टरचं काही गळत नव्हतं.

पुढं ती गाडीच्या मागं मागं चालत त्याच्यापर्यंत आली. तो हललासुद्धा नाही. म्हणाला, "खांद्यावर चिमणी बसल्यावानी बसून ऱ्हायलो." तिनं त्याच्या हातातून रिमोट घेतला, दोन्ही बटणं दाबून बघितली, आणि घरात जाऊन आईचा मोबाइल आणून त्याच्या कानाला लावला.

"पप्पाला सांग," ती म्हणाली, "माझी गाडी चालली."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, सांगितलं. हॅलो पप्पा, म्हणलं, तुमच्या लेकीची गाडी चालली. ती म्हणली, पप्पा काय म्हणतेत? म्हणलं, पप्पा म्हणतेत, मी आता येतोच."

ते सांगताना तो हसला नाही. मीही नाही.

उन्हं चढली, शाळांना सुट्ट्या लागल्या. एके दिवशी तो आला तो मुलीला खांद्यावर घेऊन. पायरीवर चपला काढल्या, तिच्याही काढल्या, आणि तिला काउंटरवर बसवलं. मी तिला एक बांगडी दाखवत सहज विचारलं, "हे कोण गं?"

तिनं त्याच्याकडं नीट बघून घेतलं. "पप्पा," म्हणाली. आणि मला कळावं म्हणून समजावून सांगितलं, "मोबाइलमधले. भायेर आले."

त्या पावसाळ्यात तो लांब कुठं गेला नाही. जवळपासचीच कामं केली, संध्याकाळी घरी. पण दिवाळी जवळ आली तसा गप्प होत गेला. दुकानात यायचा, काही न घेता उभा राहायचा. एकदा म्हणाला, "ताई, मी आता पुन्हा मोबाइलमध्ये जाणार न्हाई." कारखान्याकडच्या एका बागाईतदारानं त्याला वर्षभराचं काम आणि राहायला दोन खोल्या देऊ केल्या होत्या. बायको-मुलीला घेऊनच जायचं ठरलं. त्याच्या मायला म्हैस सोडवेना. "मी इथंच बरी," ती म्हणाली, आणि ती एकदा म्हणाली की संपलं.

निघाले त्या सकाळी टेम्पो दुकानासमोर थांबला. मागं गाठोडी, पत्र्याची पेटी, पाण्याची टाकी. बायको पुढं बसली होती, मुलगी तिच्या मांडीवर, खिडकीतून अर्धी बाहेर. "तुमी बी चला," ती पोर मला म्हणाली. मी तिच्या हातात हिरव्या बांगड्या चढवल्या. हात एवढासा, दोनदा निसटल्या.

"पाडव्याला येतो, ताई," तो म्हणाला.

पाडव्याला तो आला नाही. तिकडं उसाला पाणी द्यायचं होतं. त्याच्या पुढच्या पाडव्यालाही आला नाही. मुलगी बालवाडीत जाते, खाडा होतो. बरंच झालं की. ज्यासाठी तो तळमळत होता ते त्याला मिळालं. ते तिघं एका घरात, एका ताटाभोवती आहेत, हे मनात आलं की मला खरंच आनंद होतो. पण बाजारच्या दिवशी दुकानात गर्दी असते, सगळे चपलांसकट आत येतात, वरचं रूप बघून गाडी उचलतात, आणि मला उगीच वाटत राहतं की आपण कुणाची तरी वाट बघतोय.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्याची माय येते. दूध घालून झालेलं असतं. पायरीवर बसते, पदरानं वारा घेते. मी आतून चहा आणते. आमची मुलंही पुण्यात, त्यामुळं आम्हा दोघींना फार बोलावं लागत नाही. कप खाली ठेवताना ती एकच गोष्ट विचारते.

"पाडवा कवा हाय गं, बाई?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून तिला सांगते. तिला ठाऊक असतं. तरी ती विचारते, आणि तरी मी उठून बघते.