नव्या टायरची पंक्चरं

संध्याकाळी जुळे सोलापुरात आम्ही चार मैत्रिणी चालायला जातो. एक शाळेत आहे, एक बँकेत, एक दवाखान्यात. तिघींकडे रोज सांगायला काहीतरी असतं. माझी पाळी आली की म्हणतात, ‘तुझ्याकडे काय, आकडे!’ कर सल्लागाराकडे आकडे असणार हे खरं. पण आकडे काही स्वतःच्या पायांनी जिना चढून येत नाहीत. कुणीतरी ते पिशवीत घालून आणतं, आणि पिशवीसोबत किस्सा येतो. आठ-दहा वर्षांनी जुनी बिलं रद्दीत घालता येतात, किस्से मात्र कपाटात तसेच साठत राहतात.

भवानी पेठेत चादरीच्या दुकानावर माझं ऑफिस. मी आणि पद्मा, दोघीच. पद्माच्या घरी माग होते, घरात तेलुगू बोलतात. ती बेरीज तेलुगूत करते आणि उत्तर मराठीत देते, आणि तिचं उत्तर कधी चुकत नाही. आमच्याकडे येणारे बरेचसे ट्रकवाले. त्यातही स्वतःच मालक आणि स्वतःच ड्रायव्हर असलेले जास्त. त्यांच्यातल्या एकट्या दत्तानंच माझं अर्धं कपाट भरलंय.

*

दत्ता मूळचा जेऊरचा. सोलापुरात एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठकडे अठरा वर्षं ड्रायव्हर होता. स्वतःची गाडी घ्यायची म्हणून पहिल्यांदा आला, तेव्हा मुलीची शंभर पानी वही घेऊन आला होता. म्हणाला, ‘मॅडम, समदा खर्च काढून आणलाय. फकस्त बघा एकदा.’

वहीत चार ओळी होत्या. डाऊन पेमेंट, हप्ता, डिझेल, टोल.

मी विचारलं, ‘इन्शुरन्स?’

‘ते शेठ बघायचे.’

‘रोड टॅक्स?’

‘ते बी शेठच.’

‘नॅशनल परमिट? फिटनेस? पीयूसी? जीपीएसचं रिचार्ज? दोन वर्षांनी टायरचा पूर्ण सेट?’

प्रत्येकाला शेठ. पद्मा एकेक ओळ वहीत लिहीत गेली. पान संपलं, उलटलं, पलीकडचंही अर्धं भरलं. दत्ता वहीकडे बघत बसला. मग म्हणाला, ‘टपरीवर बसून आमी ड्रायव्हर लोक अठरा वर्षं एकच बोलत हुतो. गाडी आमी चालवतो, शेठ खुर्चीत बसून करतो काय?’

मी म्हटलं, ‘मग?’

‘मग काय. आता खुर्ची घ्यायला बी पैशे उरत न्हाईत.’

*

हे शेठ म्हणजे फार कडक माणूस. ड्रायव्हर ट्रिपला निघाला की त्याला खर्ची मिळते. परत आला की त्यानं एका कागदावर खर्च लिहून द्यायचा: जेवण, चहा, हमाली, पंक्चर. बाकीच्या ठिकाणी हा कागद मुनीम बघतो. हे शेठ स्वतः चष्मा लावून, हातात लाल पेन घेऊन बघायचे. सहा चहा लिहिले तर दोनावर रेघ. ‘बंगळूरला जाऊन यायला सहा चहा? झोपा काढत चालला होतास काय?’

दत्ता नोकरी सोडतो म्हणून सांगायला गेला. शेठनी आधी मागच्या ट्रिपचा कागद तपासला, एक चहा कापला, आणि मग तो चालवायचा त्या गाडीची चावी मागून घेतली. भिंतीवर एक खुंटी होती. चावी तिला अडकवली आणि म्हणाले, ‘इथंच ठेवतो. गाडी दुसऱ्या चावीवर चालेल. वर्षाच्या आत मागायला येशील. विचारू नकोस, काढून घे आणि गाडीवर जा.’

दत्तानं हे मला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, ‘मॅडम, काय बी झालं तरी त्या खुंटीला हात लावायची येळ येऊ द्यायची न्हाय. तुमी फकस्त कागद संभाळा.’

तेव्हापासून ती चावी आमच्याही ऑफिसात लटकत होती म्हणा ना. विम्याची तारीख जवळ आली की पद्मा सुद्धा म्हणायची, ‘मॅडम, खुंटी.’

*

नवी गाडी म्हणजे नुसती चॅसी. बॉडी वेगळी बांधून घ्यायची. बॉडीवाल्यानं वीस दिवस सांगितले आणि दीड महिना लावला. दत्ता रोज जाऊन फळ्या मोजून यायचा. मधे फायनान्सवाल्याचा मेसेज आला, पहिला हप्ता कापला गेला.

दत्ताची बायको सुनंदा. बोलते कमी, पण बोलली की पुढच्याला उत्तर सुचत नाही. गाडी घेतल्याचे पेढे द्यायला दोघं आली, तेव्हा मी तिला विचारलं, ‘काय, आली का गाडी घरी?’

‘न्हाय अजून,’ ती म्हणाली. ‘हप्ता आलाय. गाडी मागनं येतीया.’

*

पहिलं भाडं एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं. बिलाचे पैसे आले त्यात थोडी रक्कम कापलेली. एक-दोन गाड्यांच्या मालकानं पॅन नंबर घालून एक कागद लिहून दिला की टीडीएस कापत नाहीत. तो कागद द्यायला दत्ता विसरला होता, म्हणून कापला. साधी गोष्ट.

पण ड्रायव्हरच्या आयुष्यात पैसे कापले जातात ते एकाच कारणानं, माल कमी भरला की. दत्ता थेट कारखान्याच्या काउंटरवर गेला. ‘काट्याची पावती हाय माझ्याकडं. एक पोतं कमी न्हाय. कापलं कशाला?’

कारकून म्हणाला, नियमाप्रमाणे कापलं. दत्ता म्हणाला, पोती मोजा. कारकून म्हणाला, पोत्यांचा काय संबंध. दत्ता म्हणाला, मग कशाचा हाय? अर्धा तास हे चाललं. शेवटी कारकून वैतागून उठला, गोडाऊनमध्ये गेला आणि खरोखरच सगळी पोती मोजून आला. पोती बरोबर भरली. कापलेले पैसे काही परत दिले नाहीत.

‘म्हंजे माझी चूक न्हाय हे त्यांनी मान्य केलं,’ दत्ता मला सांगत होता, आणि एवढ्यावर तो खूश होता.

*

इन्कमटॅक्सचं समजावताना तर मीच दमले. छोट्या ट्रकमालकांसाठी कायद्यानं सोय केलीय. हिशेबाच्या वह्या ठेवायची कटकट नको म्हणून गाडीच्या वजनावर दर महिन्याचं एक ठरावीक उत्पन्न धरतात. गाडी भरलेली चालो, रिकामी चालो, नाहीतर उभी राहो.

दत्ता पुढे सरकला. ‘उभी असली तरी कमाई?’

‘कायद्याच्या दृष्टीनं.’

‘मग मी डिझेल कशाला जाळतोय?’

एका गाडीच्या त्या उत्पन्नावर त्याला टॅक्स काही बसत नव्हता. हे सांगितल्यावर खूश होईल असं मला वाटलं, तर तो हिरमुसला. ‘शेठ टॅक्स भरतात, मॅडम. आपुन मालक झालो आन् शून्य? थोडा तरी बसवा की.’

वीस वर्षांच्या धंद्यात अशी मागणी मी दुसऱ्यांदा ऐकली नाही.

*

टोलचे पैसे फास्टॅगमधून जातात आणि मेसेज मोबाईलवर येतो. दत्तानं अर्जावर सुनंदाचा नंबर टाकला होता, कारण त्याचा सारखा बदलायचा. त्याला वाटलं, नंबर काय, कुणाचा का असेना.

गाडी हैदराबादकडे निघाली की सुनंदा घरात भाकरी थापता थापता मेसेज बघायची. एकदा उमरग्याच्या पुढे एक टोल गेला आणि पुढचा मेसेज येईना. तिनं फोन लावला.

‘कुटं हायसा?’

‘चालतोय की, गाडीत.’

‘गाडी चालतीया तर टोल का येईना? दीड तास झाला.’

दत्ता ढाब्यावर जेवून बाजेवर आडवा झाला होता. मुकाट्यानं उठला. मला म्हणाला, ‘अठरा वर्षांत शेठनं येवढं इचारलं न्हवतं.’

*

आता पंक्चरचा किस्सा. दत्ता दर महिन्याला खर्चाचा कागद आणून द्यायचा. मीच सांगितलं होतं. कायद्याला वह्या नकोत, पण गाडी पोसते का खाते हे कळायला तरी लिहून काढ. त्या दिवशी सुनंदाही आली होती. पद्मा आकडे घालत होती, ती थांबली.

‘दत्ताभाऊ, पाच पंक्चरं?’

‘रस्ते खराब हायेत.’

‘मागच्या महिन्यात पण पाच. त्याच्या आधी सहा. टायर नवे आहेत ना?’

दत्तानं कागद हातात घेतला, वाचला आणि डोक्याला हात लावला. पंक्चर एकही झालं नव्हतं. कागद लिहायला बसला की पाच-सहा पंक्चरं लिहायची, हा त्याचा अठरा वर्षांचा शिरस्ता. लिहून टाकली आणि तेवढे पैसे गाडीच्या पैशांतून काढून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवले. स्वतःचाच खिसा कापून स्वतःच्याच दुसऱ्या खिशात घातले होते, आणि तेही तीन महिने!

मी आणि पद्मा हसून हसून बेजार झालो. सुनंदा हसली नाही. तिनं विचारलं, ‘म्हंजे जूनमधी पोरीची फी घेऊन यायचा, ती पंक्चरची हुती व्हय?’

दत्ता खाली बघून म्हणाला, ‘पगारात कुटं भागत हुतं?’

मग ओशाळून, आम्हालाच समजावल्यासारखं म्हणाला, ‘शेठ तसे लई हुशार. चहा खोडायचे, जेवण खोडायचे. पर पंक्चरमधलं त्यांना काय कळायचं न्हाय. एकदा मुनीमजी म्हणाले बी, येवढी पंक्चरं? तर शेठच म्हणाले, असू दे, रस्ते खराब आहेत.’

*

मे महिन्याच्या शेवटी दत्ताची कंबर धरली. मणका सरकला होता. डॉक्टरांनी सांगितलं, तीन आठवडे स्टिअरिंगला हात लावायचा नाही. गाडी दारात उभी. मी बघायला गेले तर पलंगावर पडल्या पडल्या म्हणाला, ‘मॅडम, गाडी उभी हाय, पर कायद्यानं कमाई चालू हाय न्हवं?’

हसू आलं नाही मला. आधीचा एक हप्ता थकला होता, दुसरा तोंडावर होता, आणि फायनान्सवाल्याचे दिवसाला दोन फोन येत होते. भाड्याचा ड्रायव्हर ठेवावा तर अनोळखी माणसाच्या हातात नवी गाडी द्यायला दत्ता तयार नव्हता.

दोन दिवसांनी सुनंदा एकटीच ऑफिसात आली. खुर्चीवर बसली नाही. ‘मॅडम, गाडी इकली तर हप्ते फिटून काय उरंल?’

पद्मानं हिशेब केला. काहीच उरत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. वर्षभर कागद सांभाळले, एक तारीख चुकू दिली नाही, आणि एका मणक्यानं सगळं पाण्यात जात होतं.

‘मग खुंटीवरची चावी हाय का बघून येते,’ ती म्हणाली आणि निघाली. दत्ताला तिनं सांगितलंच नाही.

पुढचं तिनंच सांगितलेलं. शेठनी तिचं सगळं ऐकून घेतलं. चावी खुंटीवरच होती. तिच्याकडे बोट करून सुनंदा म्हणाली, ‘मणका बरा झाला की कामावर येतील. तवर ही कुणाला देऊ नगा.’

शेठनी सलीमला हाक मारली. सलीम त्यांचा जुना ड्रायव्हर, दत्ताच्या बरोबरीचा. त्याची गाडी इंजिनच्या कामाला गॅरेजात होती. शेठ म्हणाले, ‘हा तीन आठवडे इथं बसून चहा पिणार. घेऊन जा. पगार दत्तानं द्यायचा, मी देणार नाही.’ मग खुंटीवरची चावी काढली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. ‘आणि दत्ताला सांग, खुंटी मला छत्रीला लागते.’

*

सलीमनं तीन आठवड्यांत चार ट्रिपा मारल्या. थकलेला हप्ता गेला, चालू हप्ताही गेला. पट्टा बांधून दत्ता हळूहळू जिना चढून ऑफिसात आला, सोबत सुनंदा, आणि मागे सलीम खर्चाचा कागद घेऊन. सलीमची दोन मुलं. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या.

दत्तानं कागद टेबलावर पसरला. आयुष्यात पहिल्यांदा तो दुसऱ्याचा कागद वाचत होता. वरून खाली वाचला, परत वरून खाली वाचला. मग पद्माकडे हात पुढे केला. ‘लाल पेन हाय का?’

पद्मानं दिलं. चहा अकरा होते. दत्तानं तीनावर रेघ मारली. ‘सलीमभाई, झोपा काढत चालला हुता काय?’

सलीम गालात हसला, पण त्याची नजर कागदाच्या खालच्या ओळीवर होती. पद्माचीही तिथंच गेली. आमच्या पद्माला राहवतं कुठलं.

‘दत्ताभाऊ, ही पंक्चरं बघा. सात लिहिलीत. त्याच टायरला!’

दत्ता त्या ओळीकडे बघत राहिला. मग त्यानं लाल पेनाला टोपण लावलं, पद्माला परत दिलं, आणि माझ्या टेबलावरचं निळं पेन उचलून कागदाखाली सही केली.

‘असू दे,’ तो म्हणाला. ‘रस्ते खराब हायेत.’