साबणावर मोजलेले बारा आटे

मंडळी, आज दुपारपासून मला माझीच लाज वाटून राह्यली.

रोहिणखेडच्या एक काकू सरकी काढायचा हाताचा रेचा घेऊन माझ्या वर्कशॉपवर आल्या. वऱ्हाड-मध्य प्रांताच्या, म्हणजे इंग्रजांच्या काळचा, आजेसासऱ्यांचा. घरच्या देशी कपाशीचं बियाणं त्या अजून त्याच्यावरच काढतात. जुना नट हरवलेला, अन् बाजारातला नवा नट रेच्याच्या लोखंडी दांड्यावर चढत नव्हता.

काकूंनी पिशवीतून साबणाची वडी काढली. तिच्यावर दांडा दाबून त्यांनी आट्यांचा ठसा घेतला होता.

"भाऊ, एका इंचात बारा आटे हायेत. म्या दोनदा मोजले."

"काकू, वीस वर्सं झाले मले या धंद्यात. आता तुमी शिकवता काय?"

बसलेले गिऱ्हाईक हसले. मलाही बरं वाटलं.

मी आटे साफ करायला दांड्यावर आटे पाडायची नेहमीची मिलिमीटरची डाय चढवली. ती अडली, तर गंज असेल म्हणून जोर लावला. जुने आटे पार कापले गेले.

मग गुपचूप साबणावरच्या ठशावर आटे मोजायचा गेज ठेवला. इंचाला बारा, बरोब्बर.

"नवा दांडा करून देतो," एवढंच बोललो.

"माप राहू द्या तुमच्यापाशी," म्हणत काकू वडी ठेवून गेल्या.

ज्या वडीवर हसलो, तेवढंच माप आता उरलंय. परवा काकू येतील. सांगा, पहिला शब्द काय बोलू?