मैनेच्या गळ्यात आशिषचा आवाज

या सदरातले अनुभव मी वाचते आणि बहुतेक वेळा हसते. आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावात एका चिंचेवर कोणीतरी बसलेलं असतं म्हणून लोक तिच्याखालून सायकलही नेत नसत. ती चिंच तोडून तिथं खताचं गोदाम बांधलं ते मीच. आजवर कोणी भाडं मागायला आलेलं नाही. तेव्हा पुढचं जे आहे ते भित्र्या बाईनं लिहिलेलं नाही, एवढं धरून चाला.

आशिष माझा मुलगा. तीन वर्षांपूर्वी, बाविसाव्या वर्षी, काम बघतो म्हणून गोंदियाहून रेल्वेत बसला. गाडी सुटल्यावर त्यानं फोन केला... त्यानंतर फोन बंद. कुठं उतरला हे आजही माहीत नाही. पोलीस, नातेवाईक, स्टेशनांवर फोटो चिकटवणं — करायचं ते सगळं करून झालं आहे.

मागच्या हिवाळ्यात आमच्या बचत गटाला एका मोठ्या शहरातल्या प्रदर्शनात स्टॉल मिळाला. शहराचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना उगाच त्रास नको. शेवटच्या दिवशी विकायचे पोहे दुपारीच संपले, तशा बाया म्हणाल्या, झू पाहू. माझी शेजारीण शकुन म्हणाली, "नवेगावच्या जंगलात फुकट दिसते ते तिकीट काढून कायले पाहाचं वं?" आणि गेटवर सगळ्यांत पुढं तीच.

झू जुनं आहे. आधी कुठल्याशा राजाची खासगी हौस, मग इंग्रजांच्या काळात ते लोकांसाठी उघडलं, असं फलकावर लिहिलं होतं. तेव्हाचे वाघाचे पिंजरे अजून ठेवलेत, रिकामे. आमची गाय त्यात वळू शकली नसती. गज एका उंचीवर गुळगुळीत झाले होते... जनावर तिथं अंग घासत फिरायचं. पिढ्यान् पिढ्या. शकुन फोटो काढत होती. "वाघ नाही तं माह्या नवऱ्यालेच ठेवा इथं!"

त्या पिंजऱ्यांच्या मागं पक्ष्यांची नवी इमारत. समोर काच, वर जाळी. एका खणात एकटी डोंगरी मैना — काळी, नारिंगी चोच. आम्ही पाहून पुढं निघालो आणि पाठीमागून आवाज आला —

"बाई, मी आलो वं. काय करून राहिली?"

घरात सगळे मला बाई म्हणतात, म्हणून आशिषही तेच म्हणायचा. शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आधी हेच वाक्य.

शकुन खो खो हसली. "अवं, हे पाखरू तं आपल्या झाडीपट्टीतलं निंगालं!"

मी हसले नाही. शब्द कोणाचेही असू शकतात. आवाज त्याचा होता, आणि तोही आताचा नाही. लहानपणी टॉन्सिलमुळं त्याचा आवाज घोगरा, चिरका होता. दहाव्या वर्षी ऑपरेशन झालं आणि तो आवाज गेला. आमच्याकडं त्याचं रेकॉर्डिंगही नाही. शकुन आमच्या गल्लीत राहायला आली तोवर आशिषला मिशी फुटली होती, त्यामुळं तिला कळण्यासारखं नव्हतं.

काचेजवळ जाऊन मी "आशिष?" म्हटलं. मैनेनं मान वाकडी करून पाहिलं आणि पपईचा तुकडा उचलला.

राखणदाराला विचारलं. "मॅडम, ये तो बोलती ही नहीं. दो साल की है, यहीं अंडे से निकली." पर्समधला आशिषचा फोटो त्याला दाखवला. त्यानं नीट पाहून परत दिला.

घरी येऊन मिस्टरांना सांगितलं. वाक्य सांगितलं, आवाजाचं नाही. ते ताडकन उठले.

"तेनंच शिकवलं! पोरगा तिथंच आहे. तू काऊन परत आली वं?"

तेव्हापासून धानाची रोवणी आटोपली की, धान विकून झालं की, ते त्या शहराला जातात. झू उघडल्यापासून बंद होईपर्यंत मैनेसमोर उभे. एकदा मीही गेले. ते काचेला तोंड लावून म्हणत होते, "बोल नं बाबू, एकडाव बोल." लोक हसत होते. मैना बोलली नाही.

परतताना गाडीत त्यांनी विचारलं, "तू ऐकलं होतं ना पक्कं?"

"पक्कं."

"मंग झालं."

दोन वर्षांच्या पक्ष्याला तो आवाज कुठून मिळाला, मला ठाऊक नाही. कॉलेजात शिकवणारा भाचा म्हणाला, भास. मग शकुनलाही झाला का, असं मी त्याला विचारलं. पण मला छळतं ते वेगळंच. पंचवीस वर्षांचा माणूस कुठंतरी जगत असेल, तर त्याचा आवाज पंचवीस वर्षांचा असेल. मग मला हाक मारली ती त्या लहानग्यानं का? याचा एकच अर्थ मला लागतो, आणि तो मी घरात अजून उच्चारलेला नाही. इथं लिहिते, कारण मिस्टर हे सदर वाचत नाहीत.

परवा ते पुन्हा निघणार आहेत. तिकीट मीच काढून ठेवलं आहे, खिडकीजवळचं.