इटलीचे बुवा आणि आमचे मामा

उभ्या इंग्लंडात गप्प बसता न येणारा एकच माणूस असेल, तर तो म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा. कॉव्हेंट्रीला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअरकी करण्यात जन्म गेला, पण जीव सगळा एकोणिसाव्या शतकातल्या एका दाढीवाल्या इटालियन संगीतकारात. ऑपेराला मामा सरळ ‘संगीत नाटक’ म्हणतात आणि त्या संगीतकाराला ‘बुवा’. देवघरात गणपतीशेजारी बुवांची तसबीर, तिला रोज ताजं फूल. बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या माणसानं विचारलं, "तुमचे आजोबा का?" मामा म्हणाले, "रक्ताचे नाहीत, पण घरातलेच." मग त्या बिचाऱ्याला चहा पाजून बुवांचं अख्खं चरित्र ऐकवलं. बॉयलर दुसऱ्या दिवशी सुरू झाला.

बुवांच्या आयुष्यातलं काही ना काही मामांना कुठेही लागू पडतं. कुणाचा मुलगा परीक्षेत गडगडला की, "अरे, बुवांना तर संगीतशाळेनं दारातूनच परत पाठवलं होतं." सांत्वनाला गेले तरी तेच. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोरच्याची बायको गेलेली, आणि हे आपले सांगताहेत, बुवांची दोन लेकरं आणि बायको कशी पाठोपाठ गेली, बुवांनी लिहिणं टाकायचं कसं ठरवलं, आणि मग त्यातूनच उठून रचलेल्या नाटकातला कोरस पुढे देशभर कसा गायला गेला. पण तो माणूस ऐकत राहिला आणि शेवटी दोन घास जेवला. तेव्हापासून मी मामांना मध्येच आवरायला जात नाही.

खोड मात्र एक आहे, आणि ती भयंकर. मामा वाढले सांगलीत. पद आवडलं की ‘वन्स मोअर’ द्यायचा आणि नटाकडून ते पुन्हा म्हणून घ्यायचं, हा तिथला रिवाज. तो त्यांनी जसाच्या तसा इकडे आणला. बर्मिंगहॅमच्या थिएटरात नायिका मरता मरता गायली, आणि मामा उभे राहून गरजले, "वन्स मोअर!" त्या बाईला पुन्हा मरायला लावणारे हेच पहिले असावेत. दाराशी उभी असलेली पोरगी धावत आली, "सर, प्लीज." मामा तिलाच म्हणाले, "अगं, बुवांच्या गावी लोक हेच करायचे. तुम्ही गाणं ऐकायला येता की प्रेयरला?" पडदा पडायच्या आतच आम्हाला कोट हातात घेऊन निघावं लागलं.

म्हणूनच यंदा त्यांची नात रिया हिला हौशी मंडळींच्या प्रयोगात बुवांचं एक मोठं पद मिळालं, तेव्हा तिनं आपल्या इंग्लंडी मराठीत आधीच बजावलं. "आजोबा, तुम्ही ओरडलात तर मी फ्रीज होणार. मला पुढचा काहीच आठवणार नाही. प्रॉमिस करा, नाहीतर येऊ नका." मामांचा चेहरा पार उतरला. नातीच्या गळ्यातून बुवा ऐकायचे, आणि तेही मुकाट्यानं. पण न जाणं त्यांना शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी वचन दिलं.

चर्चच्या हॉलमध्ये मी त्यांच्या शेजारीच बसले, वेळ आली तर तोंडावर हात ठेवायच्या तयारीनं. रिया गायली, आणि काय गायली म्हणून सांगू, माझ्या अंगावर काटा आला. लोकांनी बेताच्या, सभ्य टाळ्या वाजवल्या. मामांनी खुर्चीची कड घट्ट धरली होती. ओठ आवळलेले, डोळे भरलेले, पण त्यांनी ब्र काढला नाही. टाळ्या थांबल्या तरी रिया आमच्याकडे बघत क्षणभर तशीच उभी होती. मग वाद्यं पुढे निघाली.

प्रयोग संपल्यावर ती मेकअप न पुसताच बाहेर आली. "आजोबा, आवडला नाही?"

"अगं, असं पद मी जन्मात ऐकलं नव्हतं."

"मग वन्स मोअर का नाही दिलात?"

"तूच वचन घेतलंस ना, बाळा."

"हो," ती म्हणाली, "पण मला वाटलं, तुम्ही माझं ऐकणारच नाही."

मामांनी उभ्या जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं. ऐकलं ते एकदाच, आणि तेवढं एकदा नसतं ऐकलं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. घरी येताना गाडीत ते बुवांबद्दल एक शब्दही बोलले नाहीत.