बटणरावांचा न फोडलेला खोका

बटणरावांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण पाटी वाचायला मान वर करावी लागते आणि तेवढी सवड त्या बाजारात कोणाला नाही.

दुकान जिन्याखालचं. पुढच्या अर्ध्यात काकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, झेरॉक्स मशीन घरघरतं आणि घरही तेच चालवतं. मागच्या अर्ध्यात बटणराव डोळ्याला भिंग लावून, कधीच बंद पडलेल्या मॉडेलचं काहीतरी उघडून बसलेले. जुने कॅल्क्युलेटर, काडीने टोचून चालवायच्या डिजिटल डायऱ्या, चष्म्याच्या घराएवढे खिशातले संगणक. कंपन्यांनी हात झटकले, तेव्हा बटणरावांनी बाह्या सरसावल्या. ह्यातल्या एकेका कळेचा आवाज ते कानाशी धरून ऐकतात. दोन कळा सारख्या वाजल्या नाहीत तर यंत्र पुन्हा टेबलावर. गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, चालतंय की." बटणराव म्हणतात, "चालतंय. बोलत नाहीये."

गिऱ्हाइकाला ते वस्तू परत देतात आणि वर एक झापणी फुकट: वापरायचं नसेल तर सेल काढून ठेवा. सेल पाझरला की आतलं सगळं खातो. एकदा कॉलेजच्या प्राचार्यांनाही त्यांनी ह्यावरून उभं-आडवं घेतलं होतं, आणि प्राचार्य गुपचूप मान हलवत ऐकत होते.

वरच्या फळीवर, काचेआड, एक खोका. त्यात खिशातला संगणक, टंकलेखनयंत्रासारखी छोटी बटणं असलेला. तरुणपणी बटणराव तो शोरूमच्या काचेतून बघायचे. पुढे मॉडेल बंद झालं तेव्हा शेवटचा नग त्यांनी उचलला आणि त्यावरचं प्लास्टिकसुद्धा फाडलं नाही.

"जगात असा दुसरा सापडायचा नाही," ते म्हणायचे.

"निदान ह्या जिन्याखाली तरी नाही," काकू म्हणायच्या.

एका सकाळी जमीन मोजणीवाल्या बाई आल्या. उन्हाने रापलेल्या, बुटांना माती. त्यांनी पिशवीतून नेमकं तेच मॉडेल काढलं, कडा झिजून गुळगुळीत झालेलं. पडद्यावर शाईसारखा काळा डाग पसरला होता.

"आत जीव आहे," बाई म्हणाल्या. "कळा दाबल्या की पिपाणी वाजते. आकडे तेवढे दिसत नाहीत."

"बाई, आता फोनवर होतं की सगळं," काकू म्हणाल्या.

"उन्हात फोनचा आरसा होतो, काकू. मोजायला जावं तर माझंच तोंड दिसतं. आणि ह्यातले प्रोग्राम मी नोकरीला लागले तेव्हा बसून लिहिलेत. दुसरीकडे कुठे उतरवून ठेवलेले नाहीत. माझा गाढवपणा."

बटणरावांनी यंत्र उलटसुलट केलं. "पडदा बदलावा लागेल. आणि पडदा… चौकशी करतो कुठे."

ही थाप होती. पडदा कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतं. काकूंनाही ठाऊक होतं, म्हणून त्या मुद्दाम फळीकडे न बघता कागद सारखे करत राहिल्या. बटणराव मात्र बघत राहिले. मग स्टूल ओढलं, वर चढले.

"अहो, पडाल," काकू एवढंच म्हणाल्या.

प्लास्टिक त्यांनी पातीने कापलं, सावकाश. संगणक बाहेर आला आणि त्यांच्या बोटांना पांढरी-हिरवी भुकटी लागली. कंपनीने चाचणीचे सेल आतच बसवून दिले होते. खोका कधी उघडलाच नाही, तर सेल काढणार कोण? ते इतकी वर्षं पाझरत बसले होते. कळांखालची अर्धी सर्किटची पाटी खाऊन झाली होती.

काकूंनी झेरॉक्सचा एक कोरा कागद भुकटीखाली सरकवला. तेच बटणरावांना जास्त लागलं.

त्यांनी त्यातला पडदा काढून बाहेरच्या तारांवर लावून पाहिला. आकडे उमटले, नवेकोरे, ठसठशीत. निदान तो वाचला होता.

"आता बाई, ह्याला हात लावू नका. श्वाससुद्धा बेताने घ्या."

बाईंचं यंत्र एक क्षण जरी उपाशी राहिलं तरी प्रोग्राम पुसले जाणार. म्हणून बटणरावांनी आधी बाहेरून दोन तारांनी वीज जोडली आणि मगच त्यातले सेल काढले. जिवंत यंत्र उघडून काम चालू झालं. जुना पडदा सुटला, नवा बसला, एकेक तार चिमट्याने टेकवली. काकूंनी टेबल हलू नये म्हणून झेरॉक्स बंद ठेवलं. दोन गिऱ्हाइकं परत गेली. त्यांनी जाऊ दिली.

सेल पुन्हा बसले, तारा निघाल्या. बाईंनी पडद्याकडे न बघताच एका पाठ असलेल्या जमिनीची मापं दाबली. मग खाली बघितलं.

"बरोबर आलं," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळ्यांऐवजी पडदाच पुसला.

निघताना त्या थबकल्या. "तुमचा मात्र गेला हो. मोजणीच्या कामात जुनी माणसं भेटतात. शोधू का तुमच्यासाठी एखादा?"

बटणराव बोटांवरची भुकटी चोळत होते. "शोधा," ते म्हणाले. "पण कोणीतरी वापरून झिजवलेला बघा. खोक्यातला नको."