मुठीचं पीठ

बायको गेल्यावर आमच्या चर्चच्या बायका माझ्या दारात थांबेनाशा झाल्या. ही गोष्ट मला किती लागली होती हे आज सांगितलं तर लोक हसतील. पण लागली होती.

आम्ही राहायचो त्या छावणी भागात आमच्या मंडळीची एक रीत होती. घरात पीठ मळायला घेतलं की आधी एक मूठ बाजूला काढायची आणि डब्यात टाकायची. शनिवारी दुपारी दोघी-तिघी जणी पिशव्या घेऊन घरोघर फिरत आणि ते पीठ वस्तीत ज्यांची चूल पेटत नसे त्यांच्याकडं पोचवत. आमच्या घरातली मूठ अर्थातच बायको काढायची. मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये उभा जन्म काढलेला माणूस, मला पीठ आणि रांगोळी यातला फरकही धड कळत नसे. ती मला चिडवायची, "देवानं तुम्हाला पाना दिलाय, तोच धरा."

ती गेली. मुलगी नगरला, तिच्या संसारात. सुरुवातीला मी खाणावळीत जायचो, पुढं तेही सोडलं. चहात पाव बुडवायचा आणि पडून राहायचं. शनिवारी गल्लीत चपलांचे आवाज यायचे, बायकांच्या गप्पा यायच्या, शेजारच्या दारात "सलाम, बाई" ऐकू यायचं, आणि मग ते आवाज माझ्या दारावरून पुढं जायचे. त्यांचंही चुकत नव्हतं. ज्या घरात तवा तापत नाही तिथं मूठ कुणाकडं मागायची? पण मला वाटायचं, बायकोबरोबर आपलंही नाव कमी केलं की काय यांनी.

शेवटी राग आला. शहागंजच्या बाजारात गेलो, पीठ विकत आणलं, डबा गच्च भरला आणि शनिवारी दार उघडं टाकून खुर्चीवर बसून राहिलो. त्या आल्या तसा उठून म्हणालो, "अक्का, आमच्या घरची मूठ राहिली."

अक्का या सगळ्यांत वडील. त्यांनी डबा हातात घेतला, जड लागला तशी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "दादा, पाणी देता का जरा?" मी वळेपर्यंत त्या स्वतःच स्वयंपाकघरात गेल्या. शेगडीवर जुनी वर्तमानपत्रं होती. तव्यावर धूळ होती. पाणी न पिताच त्या बाहेर आल्या.

"काय जेवलात आज?"

मी त्यांच्या पिशवीकडं बोट दाखवलं.

"आन् काल?"

"अक्का, पीठ घ्यायचं तर घ्या," मी चढ्या आवाजात बोललो.

त्यांनी डबा माझ्याच हातात परत दिला. "हे नाय घेणार. उपाशी माणसाच्या हातनं मूठ घिऊन देवाला काय तोंड दाखवू? आवो, प्रभू कबरेतून उठला तवा शिष्यांपाशी खायला मागितलं त्यानं. भाजलेला मासा खाल्ला त्यांच्यासमोर. आपला देव जेवणारा हाय दादा, त्याला जगणं लई आवडतं. तुम्ही ह्याच्या भाकरी करा, खा, आन् त्यातली मूठ काढा. पुढल्या शनवारी येते."

त्या गेल्यावर मी डबा आपटला. मग खाली बसून सांडलेलं पीठ गोळा करता करता रडलो. ती गेल्यानंतर पहिल्यांदाच रडलो.

दुसऱ्या दिवशी परात काढली. पहिली भाकरी थापतानाच फाटली, दुसरी तव्याला चिकटली. गंगापूरकडच्या आमच्या मळ्यात आई झपाझप भाकरी टाकायची, तेव्हा शिकायचं सोडून मी बैलांमागं हिंडलो होतो. पण जे झालं ते मिठाबरोबर, कांद्याबरोबर खाल्लं, आणि पाणी घालायच्या आधी रोज मूठ काढली. माझी मूठ दांडगी, बायकोच्या दुप्पट.

शनिवारी अक्का आल्या. मी मुठीचा डबा पुढं केला. त्यांनी तो पिशवीत रिकामा केला, "सलाम, दादा" म्हणाल्या आणि शेजारच्या दाराकडं वळल्या. कौतुक नाही, विचारपूस नाही. चार घरांसारखं एक घर. मला एवढंच हवं होतं.

संध्याकाळी पुन्हा परात घेतली. तव्यावरची भाकरी उलटून आचेवर धरली आणि ती टम्म फुगली.

"फुगली गं!" मी मोठ्यानं म्हणालो.

घरात कुणीच नव्हतं. मग ताट घेतलं, खाली बसलो, आणि गरम होती तोवर ती सगळी खाल्ली.