परातीवरचे पत्रक

मी अक्षरे शिकले ती वडिलांनी जमवलेल्या चळवळीच्या पत्रकांवर. प्रत्येक पत्रकात 'ताबडतोब' हा शब्द असायचाच. तो माझ्या छातीत येऊन राहिला आणि धडधडत राहिला. मी उभ्याने जेवायची. बसले तरी पाय हलत. तेंदूच्या जंगलाजवळच्या गोरेगावात आमच्या ओसरीवर मावशी आणि मी विड्या वळायचो. घाईत माझी पाने फाटत.

"काऊन वो," मावशी विचारायची, "कोणती गाडी चुकून राहिली तुझी?"

गाडी नव्हती, अन्याय होता. कारखान्याचा चेकर रोज मूठभर विड्या 'छाट', म्हणजे खराब, म्हणून बाजूला काढी. त्यांची मजुरी देत नसे आणि विड्या ठेवून घेऊन विकी. आठवडी बाजारात गावोगावच्या वळणाऱ्या बाया येत. त्या दिवशी त्यांच्या हाती पत्रक द्यायचेच, असे मी ठरवले.

आमचा छापखाना म्हणजे एक परात. तिच्यात सरस आणि ग्लिसरीन उकळून ओतलेले. जांभळ्या शाईचा कागद त्यावर दाबला की अक्षरे थरात उतरत, मग कोरे कागद दाबून प्रती काढायच्या. नवा मजकूर घ्यायचा तर आधीची शाई जिरेपर्यंत एक दिवस थांबायचे. सकाळी मी रात्रशाळेचे निवेदन छापले होते आणि बाजार परवावर आला होता. मला दम निघेना. दुपारीच पत्रक दाबले.

'भगिनींनो, शोषणाविरुद्ध उठा'च्या पोटातून 'पाटी घरून आणावी' उमटले. अर्धे कागद वाया गेले.

मावशीने एक प्रत उचलली. "मी अडाणी. पण दोन बाया एकदमच बोलून राहिल्या, एवढं दिसते." मग तिने परात ओल्या पोत्यात भिजत घातलेल्या पानांशेजारी नेऊन ठेवली. "हेही भिजू दे. हात नको लावू."

दुसरा दिवस मी कसाबसा काढला. दुपारी शेजारणी सुपे घेऊन आल्या. बसवत नव्हते म्हणून पत्रक वाचून दाखवले. त्यांनी वळता वळता ऐकले.

"ठीक आहे," एक म्हणाली. "पण आमाले पाहिजे काय, ते कुठं आहे यात?"

"काय पाहिजे?"

"छाट आमच्यासमोर मोडा. मोडलेली विडी कोण विकते?"

मी चार परिच्छेद लिहिले होते. हे एक वाक्य त्यांत नव्हते. मी लाजले, आणि खरे सांगायचे तर आनंदलेही. जुने पत्रक चुलीत घातले. संध्याकाळी शाई जिरलेल्या परातीवर तीन ओळींचे नवे छापले. अक्षर न् अक्षर स्वच्छ उठले.

बाजारात बायांना ते वाचून दाखवताना मी अशी सुटले की कोणालाच काही कळले नाही.

"पुन्हा वाच," मावशी मागून म्हणाली. "आता बैलगाडीनं ये."

मी बैलगाडीने वाचले.

बाजारानंतर पहिल्याच दिवशी आम्ही बाया मांडीवर सुपे घेऊन चेकरसमोर जमिनीवर बसलो. छाट मोडल्याशिवाय उठायचे नाही, एवढेच ठरले होते. तो हसला, मग ओरडला. माझे पाय पुन्हा हलू लागले. उठून भाषण करावे असे फार वाटले. मावशीने स्वतःचे सूप माझ्या सुपावर ठेवले. दोन्ही भरलेली. आता उठले असते तर सगळ्या विड्या सांडल्या असत्या.

मी बसून राहिले. बऱ्याच वेळाने चेकरने छाटीची पहिली विडी उचलली आणि आमच्यासमोर मोडली.